मारुती ८०० चा प्लग सारखा जात होता : उद्यमनगरातल्या ट्यूनिंगवाल्या मामांच्या गॅरेजचा अनुभव

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवाल्यांच्या ओळीत एक लहानसं गॅरेज आहे. एका वेळी दोन गाड्या उभ्या राहतील एवढी जागा, वर पत्रा, दारावर 'कार्ब्युरेटर व ट्यूनिंग' एवढीच पाटी. चालवणारे गृहस्थ साठीच्या पुढचे. आजूबाजूचे सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही मामाच म्हणते. ज्यांच्याकडे जुनी कार्ब्युरेटरची (म्हणजे पेट्रोल आणि हवा एकत्र करून इंजिनात सोडणारा भाग असलेली) गाडी आहे आणि जिचा स्पार्क प्लग, म्हणजे ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारा भाग, बदलला तरी पुन्हा पुन्हा जातो, त्यांनी आणखी एक प्लग विकत घेण्याआधी इथं जावं, असं मला मनापासून वाटतं. का वाटतं ते सविस्तर लिहिते, कारण 'काम छान, दर वाजवी' एवढ्यानं वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

माझी गाडी मारुती ८००, १९९४ सालची, वडिलांनी घेतलेली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्ब्युरेटर, आणि हातानं ओढायचा चोक, म्हणजे थंड इंजिन चालू करताना हवा कमी करणारी पाकळी. मी कळे गावाच्या बाजूला एका शाळेत शिकवते, त्यामुळे गगनबावडा रस्त्यानं रोजचं जाणं-येणं. हा रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना गळीत हंगामात काय होतं ते सांगायला नको. उसानं शीगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढं असला की पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत जायचं, मध्येच थांबायचं, इंजिन नुसतंच चालू ठेवून बसायचं. हे आधीच सांगते, कारण माझ्या प्लगच्या दुखण्यात या रांगण्याचाही वाटा होता, हे पुढं कळलं.

पंधरा वर्षं झाली की आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर, आणि मग दर पाच वर्षांनी तेच. हे सगळं मी करत आले आहे आणि पुढंही करणार आहे. गाडीचा पत्रा चांगला आहे, सुटे भाग अजून सहज मिळतात. कंपनीनं ८०० बनवणं २०१४ च्या सुरुवातीला बंद केलं तरी कोल्हापुरात तिची एखादी वस्तू अडली असं मला कधी आठवत नाही. तेव्हा 'विकून टाका की' हा सल्ला कृपया कुणी देऊ नये.

दुखणं असं होतं. सकाळी सेल्फ मारला की गाडी चालू व्हायची, पण अख्खी थरथरायची. तीनपैकी दोनच सिलिंडर काम करत असल्यागत. मेकॅनिक लोक याला मिसिंग म्हणतात. चढाला पिकअप नाही, पेट्रोल जास्त. प्लग बदलला की लगेच गाडी सुरेख चालायची, आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा तेच. आधी ज्या गॅरेजात जात होते (नाव लिहीत नाही) तिथं आधी प्लग बदलले. मग प्लगच्या केबल. मग डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि रोटर. मग कॉइल. दर वेळी 'आता बघा, काय होत नाही,' आणि दर वेळी बिल. शेवटी सांगितलं की इंजिन खोलावं लागेल, बोअर करून (सिलिंडर आतून कोरून) रिंग-पिस्टन बदलू. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, अशी गत. मला राग बिलांचा नाही, एका गोष्टीचा आहे. इतक्या वेळा प्लग काढला, पण काढलेल्या प्लगकडं त्या गॅरेजात एकानंही नीट पाहिलं नाही. काढला की खाली टाकला. कुठल्या सिलिंडरचा, ओला की कोरडा, कसला काळा, हा प्रश्नच कुणाला पडला नाही.

मामांच्याकडं शाळेतल्या एका सहकाऱ्यानं पाठवलं. मी गाडी लावली, काय होतंय ते सांगितलं. त्यांनी बॉनेटला हातच लावला नाही. पहिला प्रश्न, "काढल्यालं जुनं प्लग हायत का?"

होते. डिकीत एका पिशवीत पडले होते. मामांनी ते ट्यूबलाइटखाली वर्तमानपत्रावर मांडले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि एकेक उचलून बघायला लागले. मग मला जवळ बोलावलं. मी शिकवायचं काम करते, त्यामुळे दुसरं कुणी शिकवत असेल तर चांगलं शिकवतंय की नाही ते मला चटकन कळतं. मामा फार चांगलं शिकवतात.

एक प्लग त्यांनी माझ्या बोटावर घासला. कोरडी, मऊ काजळी बोटाला लागली, पुसली की गेली. "ही पेट्रोलची. पेट्रोल जास्त येतंय, हवा कमी, पुरतं जळत न्हाई." दुसरा घासला. तो काळा होताच, पण चकचकीत, चिकट. बोटावरचा डाग चोळला तर आणखी पसरला. नाकाशी धरायला लावला, पेट्रोलचा वास नाही. मधल्या काडीच्या एका अंगाला राखेसारखा करडा, कडक खवला धरलेला. मामांनी तो नखानं उचकटला तर टिचकन उडाला. "हे ऑइल. पेट्रोलनं भिजल्याला प्लग वाऱ्यावर ठेवला की वाळतोय. ह्यो पिशवीत इतकं दिस ऱ्हाऊन बी ओलाच हाय बगा." मग सगळे प्लग दोन ढिगांत वेगळे केले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या गाडीला दोन आजार हायत. आनि कुटला प्लग कुटल्या सिलिंडरचा हे ल्हिल्यालं न्हाई, ही खरी अडचन."

एवढ्या बघण्यातून जे कळलं ते आधीच्या सगळ्या बिलांतून कळलं नव्हतं.

वाचणाऱ्यांच्या उपयोगासाठी त्यांनी सांगितलेलं बाकीचंही लिहिते. निरोगी प्लगचं टोक भुरकट तपकिरी असतं. पांढरंफटक, भाजल्यागत, बारीक फोड आलेलं असेल तर प्लग फार तापतोय, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, ठिणगीचं टायमिंग पुढं आहे किंवा प्लगचा नंबर चुकीचा आहे. बाकीचे प्लग सारखे आणि एकच धुतल्यासारखा स्वच्छ, शिवाय रेडिएटरचं पाणी कमी होतंय, तर हेड गॅस्केटमधून त्या सिलिंडरमध्ये पाणी जात असल्याचा संशय घ्यायचा. बाहेरची पांढरी चिनी माती तडकली असेल तर बहुतेक वेळा दोष पाना वाकडा लावणाऱ्याचा. आणि काळा प्लग बंद का पडतो, तर काजळीतून वीज वाहते. ठिणगीनं फट ओलांडून उडी मारायची, त्याऐवजी करंट काजळीवरून सरकत सरळ बॉडीला जातो. ठिणगीच पडत नाही.

प्लगला स्वतःची काजळी जाळून टाकायची सोय असते, ही गोष्ट मला नवी होती. टोक साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर तापलं की काजळी आपोआप जळते. साडेआठशेच्या पुढं गेलं की तेच टोक निखारा होऊन ठिणगीआधीच पेट्रोल पेटवायला लागतं, तेही वाईट. या दोन्हींच्या मध्ये प्लग राहायला हवा. ट्रॅक्टरमागं रांगताना, किंवा दोन किलोमीटरवर जाऊन गाडी बंद करताना, टोक त्या ४५० पर्यंत पोचतच नाही. म्हणून ज्या गाडीत पेट्रोल थोडं जास्त येतंय किंवा ऑइल थोडं गळतंय, तिचा प्लग ऊस सुरू झाला की हमखास जाणार. हायवेला तीच गाडी तक्रार न करता चालते. माझ्याबाबतीत नेमकं असंच व्हायचं. पुण्याला जाऊन आले की गाडी महिनाभर ठीक, आणि कारण काही लक्षात येत नव्हतं.

मी ई-२० पेट्रोलबद्दल, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल, विचारलं. हल्ली जुन्या गाडीला काहीही झालं की सगळे त्याच्याच नावानं खडे फोडतात. मामांनी सरळ सांगितलं, इथं त्याचा संबंध नाही. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्ब्युरेटरच्या तेवढ्याच जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या भोकावर) मिश्रण उलट पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. प्लग पांढरा पडायला हवा, काळा नाही. जुन्या रबरी नळ्या, पेट्रोल पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरची गॅस्केटं यांना इथेनॉल मानवत नाही हे खरं, ती तपासून बदलायला हवीत, पण तो वेगळा विषय. संबंध नसताना दोष न देणं, हेही मला त्यांच्यातलं आवडलेलं.

त्या दिवशी त्यांनी काहीही बदललं नाही. गाडीतले तीन प्लग काढले, ब्रशनं साफ केले, फिलर गेजनं फट मोजली. या गाडीला ०.७ ते ०.८ मिलिमीटर लागते, आणि एका प्लगची जवळजवळ एक मिलिमीटर निघाली. नवीन प्लग डब्यातून काढून तसाच लावायचा, मोजायचाच नाही, ही सवय सगळीकडं आहे. मग चिनी मातीवर मार्करनं १, २, ३ लिहिलं. टायमिंग बेल्टकडचा पहिला, हेही मला दाखवून ठेवलं. पण परत लावताना मुद्दाम दुसऱ्याचा, म्हणजे तेलकट निघालेला, प्लग पहिल्यात आणि पहिल्याचा दुसऱ्यात लावला. "चालवा नेहमीसारखी. खराब व्हायला लागली की या."

याचं कारण उघड आहे, पण इतके दिवस कुणी केलं नव्हतं. प्लग वाईट असेल तर दुखणं प्लगबरोबर पहिल्या सिलिंडरला जाईल. दुखणं दुसऱ्यातच राहिलं तर प्लग निर्दोष. गाडी पुन्हा थरथरायला लागली तशी मी गेले. काढून पाहिलं तर दुसऱ्या सिलिंडरमधला प्लग, म्हणजे मुळात पहिल्याचा चांगला प्लग, तेलकट काळा. आणि दुसऱ्याचा म्हणून बदनाम झालेला प्लग पहिल्यात जाऊन बरा दिसत होता. मग तसंच केबलचं. संध्याकाळी गॅरेजचा दिवा बंद करून, बॉनेट उघडं ठेवून, इंजिन चालू असताना केबलांवर पाण्याचा बारीक फवारा मारला. केबल कुठं फुटली असेल तर अंधारात निळ्या ठिणग्या दिसतात. काही दिसलं नाही. प्लग बाहेर बॉडीला टेकवून करंट पाहिला, निळा, टकटक आवाज करणारा. म्हणजे केबल, कॅप, रोटर, कॉइल यांवर झालेला सगळा खर्च ज्या जागी दोष नव्हता त्या जागी झाला होता.

राहिलं ते ऑइल. ऑइल दोन वाटांनी सिलिंडरमध्ये येतं. खालून, म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर. किंवा वरून, वॉल्व्हच्या (सिलिंडरच्या झडपेच्या) दांड्यावरून ओघळून, वॉल्व्ह सील गेली असतील तर. खालून येत असेल तर आधीच्या गॅरेजचं म्हणणं बरोबर, इंजिन काम करावं लागणार. मला हे उत्तर हवं होतं आणि त्याची धास्तीही होती.

कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायची चाचणी, त्यांनी माझ्यासमोर केली. इंजिन आधी चांगलं गरम केलं. तिन्ही प्लग काढले, कॉइलची वायर सोडवली, मला सीटवर बसवून रेस पूर्ण दाबून ठेवायला सांगितलं. गेज लावून सेल्फ मारला. पहिला १२ किलो (दर चौरस सेंटिमीटरला), दुसरा साडेअकरा, तिसरा १२. मग दुसऱ्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजलं. रिंगा झिजलेल्या असत्या तर त्या ऑइलनं फटी भरून काटा चांगलाच वर गेला असता. काटा जेमतेम हलला. ऑइल भरायचं टोपण काढून चालू इंजिनावर हात धरला, तिथून धुराचे भपकारे नाहीत. "रिंगा ब्येस हायत. कोन बोअर करा म्हनतंय त्याला ह्यो आकडा दाखवा."

आणि एवढ्यावरही ते थांबले नाहीत. म्हणाले, पन्हाळ्याला जाऊन या. मी वाघबीळ ओलांडून वर गेले आणि उतरताना दुसऱ्या गिअरवर, रेस पूर्ण सोडून गाडी येऊ दिली. मागून मामांचा मुलगा मोटरसायकलवर. खाली सपाटीला आल्यावर जोरात रेस दिली. मुलानं मोबाइलवर काढलेला व्हिडिओ मामांनी पाहिला, आणि मीही पाहिला. सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक मोठा लोट, दोन-तीन सेकंदांचा, मग साफ. रेस सोडून उतरताना इंजिनात ओढ फार तयार होते, ती ओढ सैल सीलमधून वॉल्व्हच्या दांड्यावरचं ऑइल खाली खेचते. रेस दिली की ते जळतं. रिंगा गेलेली गाडी चढावर, ओझ्याखाली धूर सोडत राहते. सील गेलेली गाडी उतरून आल्यावर आणि सकाळी पहिल्या सेल्फला. निळा धूर ऑइलचा, काळा पेट्रोलचा, पांढरा आणि न संपणारा पाण्याचा. रांगणाऱ्या ट्रॅक्टरमागं इंजिन नुसतं चालू ठेवलं की तीच ओढ असते, म्हणून हंगामात माझा प्लग जायचा. सगळं एकमेकाला येऊन मिळालं.

सील बदलायचं काम मला जवळून पाहायला मिळालं, कारण मी रविवारी गेले आणि तिथंच थांबले. हेड, म्हणजे इंजिनाचा वॉल्व्ह असलेला वरचा भाग, उतरवायला लागेल अशी माझी समजूत होती. मामांनी हेड उतरवलं नाही. टॅपेट कव्हर काढलं, रॉकर शाफ्ट काढले. मग हेडमधल्या ऑइल खाली जायच्या भोकांत कापडाचे बोळे कोंबले. वॉल्व्हच्या टोकाला स्प्रिंग धरून ठेवणारे दोन बारीक लॉक असतात, त्यातलं एक जरी भोकातून खाली पडलं तर ऑइलचं चेंबर खोलावं लागतं. पुढचा भाग बघण्यासारखा. वॉल्व्ह स्प्रिंगमुळं वर धरलेला असतो. स्प्रिंग काढली की तो सिलिंडरमध्ये पडेल. तो पडू नये म्हणून मामांनी पिस्टन थोडा खाली घेतला, प्लगच्या भोकातून जाड सुती दोरी हळूहळू आत सारली, टोक बाहेर ठेवलं, आणि पुलीला पाना लावून इंजिन हातानं फिरवलं. पिस्टन वर आला, दोरीचा गठ्ठा वॉल्व्हखाली दाबून बसला. आता स्प्रिंग दाबायची, लॉक चुंबकानं उचलायचे, स्प्रिंग बाजूला, आणि खालचं सील उघडं. दोरीशिवाय ज्यांच्याकडं कॉम्प्रेसर असतो ते प्लगच्या भोकातून हवा भरून हेच करतात. मामांना दोरीच खात्रीची वाटते, हवेचा पाइप निसटला तर वॉल्व्ह गेला, असं ते म्हणतात.

दुसऱ्या सिलिंडरचं इनलेटचं सील पकडीत धरून काढताना तिथंच तुटलं. रबर म्हणावं असं त्यात काही उरलं नव्हतं. नखानं दाबलं तर दबेना, वाकवलं तर कडकन तुकडा पडला. सीलच्या तोंडाशी एक बारीक स्प्रिंगची कडी असते, तीच ओठ दांड्याला आवळून धरते. ती कडी जागेवर नव्हती, खाली स्प्रिंगच्या बसण्याच्या जागेत सापडली. तीस वर्षांच्या उष्णतेनं हे होतं, यात कुणाचा दोष नाही. नवीन सील मामांनी माझ्या हातात दिलं, चिमटीत दाबायला सांगितलं. मऊ, परत फुगणारं. नवीन बसवण्याआधी दोरी थोडी सैल केली आणि वॉल्व्हची दांडी बोटानं डावी-उजवी हलवून पाहिली, गाईड (दांडी ज्यातून सरकते ती नळी) झिजलंय का ते कळावं म्हणून. झिजलं असतं तर नवीन सीलही टिकलं नसतं, मग मात्र हेड उतरवून समोरच्या लेथवर द्यावं लागलं असतं, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. गाईड चांगली निघाली. सहाही सील बदलली, कारण एक गेलं म्हणजे बाकीची त्याच वयाची. टॅपेटची फट मोजून लावली, कव्हरचं गॅस्केट नवं टाकलं.

दुसरा आजार, कोरड्या काजळीचा, अगदी थोडक्यात निपटला. एअर फिल्टरचं झाकण काढून मामांनी मला चोकचा खटका पूर्ण आत ढकलायला लावला आणि कार्ब्युरेटरच्या तोंडात बघायला सांगितलं. खटका पूर्ण आत, आणि आतली पाकळी अजून तिरपी. ती उभी व्हायला हवी. म्हणजे गाडी कायम अर्धवट चोकवर चालत होती. आधी कधीतरी केबल बदलताना क्लिपमध्ये चुकीच्या जागी आवळली गेली होती. क्लिप सैल करून पाकळी पूर्ण उघडली, पुन्हा आवळली, एअर फिल्टर नवा टाकला. झालं. ज्यांच्या गाडीला हाताचा चोक आहे त्यांनी हे घरी, इंजिन बंद ठेवून, फक्त डोळ्यांनी तपासावं. पाना लागत नाही.

प्लगच्या नंबरांबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही, कारण इथं फसगत फार होते. माझ्या गाडीत तीन प्लगांत दोन कंपन्यांचे प्लग निघाले. थंड प्लग म्हणजे टोकाची उष्णता लवकर बाहेर सोडणारा, गरम म्हणजे ती धरून ठेवणारा. एनजीकेच्या प्लगमध्ये नंबर मोठा तितका प्लग थंड. बॉशमध्ये, आणि जुने लोक ज्याला अजून मायको म्हणतात तो बॉशच, बरोबर उलटं. नंबर मोठा तितका गरम. दुकानात 'तोच नंबर द्या' म्हणून दुसऱ्या कंपनीचा घेतला की उलटाच प्लग हातात येतो. दोन्ही कंपन्यांचे तक्ते असतात, त्यात गाडीचं मॉडेल बघून घ्यायचा. कार्ब्युरेटरची ८०० आणि नंतरची एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल सोडणारी) ८०० यांचा प्लग एकच असेल असंही धरून चालू नये. एनजीकेच्या नावातलं पहिलं बी म्हणजे १४ मिलिमीटरचा आटा, शेवटाकडचं ई म्हणजे आट्याची लांबी १९ मिलिमीटर, आर म्हणजे आत रेझिस्टर. लांबी चुकली तर पिस्टनला टेकू शकतो, नाहीतर आखूड पडून आत खड्ड्यात काजळी धरतो.

आधीच्या गॅरेजनं दुसऱ्या सिलिंडरला मुद्दाम गरम प्लग घातला होता, ऑइल जळून जावं म्हणून. ही युक्ती काही लोक करतात आणि काही दिवस लागूही पडते. मामा या एका गोष्टीवर चिडले. ऊस रांगेत जो प्लग ऑइल जाळतो, तोच पुण्याच्या रस्त्यावर तासभर ताशी ८० नं चालवला तर निखारा होतो आणि पिस्टनला भोक पाडू शकतो. दुखणं झाकायला दुसरं मोठं दुखणं. त्यांनी तिन्ही प्लग एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे, तक्त्याप्रमाणे घातले. हेड ॲल्युमिनियमचं, म्हणून प्लग इंजिन थंड असतानाच काढायचा-घालायचा, आधी नुसत्या बोटांनी शेवटपर्यंत फिरवायचा, आणि नवीन वॉशर असेल तर टेकल्यावर पान्यानं अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, बस्स. आधीच्या ठिकाणी पोरगं पान्यावर अंगाचा भार टाकायचं. आटा वाचला हे नशीब.

आता परिणाम. एक पावसाळा गेला, गळीत हंगाम पुन्हा सुरू झाला, त्याच ट्रॅक्टरांच्या मागं त्याच रस्त्यानं जाते आहे. मध्ये एकदा प्लग काढून दाखवले, तिन्ही भुरकट तपकिरी, दुसरा बाकीच्या दोघांतून ओळखू येत नाही. डिपस्टिकवरचं ऑइल एका बदलीपासून दुसऱ्या बदलीपर्यंत कमी होत नाही, आधी मध्येच घालायला लागायचं. पीयूसीच्या कागदावर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आधी मर्यादेच्या जेमतेम आत असायचा. २००० सालाआधीच्या आमच्यासारख्या पेट्रोल गाड्यांना ३ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. आता तो एकच्या आसपास येतो. सकाळी पहिल्या सेल्फला शेजाऱ्यांच्या दारात निळा धूर जात नाही, याचा आनंद मला जास्त.

पैशाचं म्हणाल तर सील, गॅस्केट, फिल्टर, तीन प्लग आणि मजुरी धरून जे झालं ते आधीच्या ठिकाणच्या एकट्या कॉइल-केबलच्या बिलाहून कमी होतं. आणि इंजिन कामाचा जो अंदाज मला दिला गेला होता त्याच्या जवळपासही नाही. तपासणीचे वेगळे पैसे मामांनी लावले नाहीत. मला ते पटलं नाही. तासन्‌तास बघण्यात गेले, ज्ञान त्यांचं, आणि बिल फक्त हात काळे झाले त्याचं. मी सांगून पाहिलं, त्यांनी ऐकलं नाही. तुम्ही गेलात तर आपणहून द्या.

उणिवाही लिहिते. छापील बिल मिळत नाही, वहीच्या पानावर लिहून देतात. बसायला एक लोखंडी स्टूल, उन्हाळ्यात पत्र्याखाली दुपारी थांबणं कठीण. बायकांसाठी स्वच्छतागृहाची सोय नाही, जवळच्या हॉटेलात जावं लागतं. फोन हात काळे असतात म्हणून उचलत नाहीत, आणि नंतर परत करतीलच असं नाही. कामाला घाई चालत नाही. ज्यांना संध्याकाळपर्यंत गाडी हवीच आहे त्यांना हा माणूस मानवणार नाही, कारण ते गाडी परत पाठवतात, चालवून आणा म्हणतात, मग बघतात. एमपीएफआय गाडीला ते हात लावत नाहीत. स्कॅनर नाही, आणि नाही त्याचं ढोंगही नाही, सरळ दुसरीकडं पाठवतात. बोलणं रोखठोक आहे, पण मला त्यांनी एकदाही 'तुम्हाला नाही कळायचं' म्हटलं नाही. गॅरेजात एकट्या जाणाऱ्या बाईला या वाक्याची किंमत काय ते ठाऊक असतं. जे दाखवायचं ते माझ्या हातात देऊन दाखवलं, जो आकडा होता तो माझ्यासमोर मोजला.

जायचं असेल तर सकाळी दहाच्या आत जा, तेव्हा मामा स्वतः गाडी बघतात. नंतर शेतीच्या इंजिनांची माणसं येतात आणि गर्दी होते. सोमवारी बंद. कॉम्प्रेशन बघायचं असेल तर बॅटरी चार्ज करून न्या, सेल्फ मंद फिरला तर आकडा खोटा येतो. आणि जुने प्लग फेकू नका, धुऊ-पुसूही नका. काढल्याबरोबर कुठल्या सिलिंडरचा तो नंबर चिनी मातीवर लिहून, वेगवेगळ्या कागदात गुंडाळून सोबत न्या.